लढाया राजांच्या, थकबाकी रयतेची

पाथर्डी तालुक्यातील मढीच्या ग्रामसभेने २०२५ च्या फेब्रुवारीत एक ठराव केला. कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू द्यावयाची नाहीत, असा तो ठराव. यात्रेआधीचे नेमधर्म हे व्यापारी पाळत नाहीत, हे कारण पुढे करण्यात आले. प्रशासनाने ठराव बेकायदेशीर ठरवला, हे ठीकच झाले. परंतु मढीचे स्थान इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात कानोबा आणि शाह रमजान माही सवार अशा दोन्ही नावांनी नोंदलेले आहे, दोन्ही धर्मांचे लोक तेथे पिढ्यानपिढ्या नवस फेडीत आले आहेत, आणि इतकी वर्षे ज्यांच्या दुकानांनी देवाला बाट लागली नाही त्यांच्याच दुकानांनी ती आता एकाएकी लागू लागली, ह्याचा उलगडा प्रशासनाच्या आदेशाने होत नाही.

ठराव नेमधर्माच्या नावाने झाला. पण तो ज्या हवेत झाला ती हवा युद्धाची होती. २०२३ च्या मे महिन्यात शेवगावात संभाजी महाराजांच्या जयंतीच्या मिरवणुकीवरून दगडफेक झाली. जूनमध्ये नगर शहरात संदलाच्या मिरवणुकीत औरंगजेबाचे चित्र नाचवले गेले. पाठोपाठ कोल्हापूर पेटले. मढीच्या ठरावानंतर महिन्याच्या आत, १७ मार्च २०२५ रोजी, खुलताबादच्या कबरीच्या वादावरून नागपुरात दंगल होऊन संचारबंदी लागली. बादशहा मरून तीनशे अठरा वर्षे झाली होती. तो मेला तोही नगरलाच, भिंगारच्या छावणीत. त्याच्या नावाने काच फुटते ती मात्र आजच्या टपरीची आणि आजच्या हातगाडीची.

ह्या घटनांचे एक ठरीव स्पष्टीकरण दिले जाते. इतिहासाच्या जखमा अद्याप भरलेल्या नाहीत, त्या अधूनमधून वाहू लागतात, असे ते स्पष्टीकरण. सभेत टाळ्या घेणारे पुढारी ते देतात आणि परिसंवादात मान हलवणारे विद्वानही देतात. वस्तुतः ते स्पष्टीकरणच नव्हे. जखम अडीचशे वर्षे वाहत नाही आणि मग नेमकी निवडणुकीच्या सुमारास वाहू लागते, असा रोग वैद्यकशास्त्राला ठाऊक नाही. युद्धे आणि बंडे आपल्यामागे वारसा ठेवून जातात, हे खरे. पण तो वारसा दोन प्रकारचा असतो. एक नावांचा, ध्वजांचा, अपमानांचा आणि पराक्रमांचा. दुसरा जमाबंदीचा, हद्दीचा, पाण्याचा आणि कर्जाच्या कागदांचा. आजच्या संघर्षांना जन्म देतो तो दुसरा वारसा. पहिला त्यांना केवळ वेष पुरवतो. नगर जिल्ह्याचे दुर्दैव असे की येथे वेषाविषयी अखंड बोलले जाते आणि जन्माविषयी कोणी बोलत नाही.

ह्याचा अर्थ पहिला वारसा खोटा आहे, असा नव्हे. श्रीगोंदे तालुक्यात भीमेच्या काठी पेडगावचा बहादूरगड आहे. संगमेश्वरी पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना १६८९ च्या फेब्रुवारीत तेथेच औरंगजेबापुढे आणले गेले. त्यांची विटंबना तेथे झाली. पेडगावच्या पडक्या तटापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येत असेल, तर ते पाणी कोणत्याही शाखेत शिकवलेले नाही. त्या दुःखाची टवाळी करणारे जे थोडे शहाणे पुरोगामी वर्तुळात आढळतात, त्यांनी समाजवादाचे नुकसान पुष्कळ केले आहे. मात्र हे दुःख शतकानुशतके शाहिरांच्या डफावर वाजत आले आणि त्या काळात मढीच्या यात्रेतून कोणाचे दुकान उठले नाही. दुःख होते तेच आहे. त्याचा उपयोग करणारे नवे आहेत.

जमातवाद्यांना द्यावयाचे पुरोगाम्यांचे उत्तरही ठरून गेले आहे. ते असे : निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हबशी होता, आणि १६२४ साली नगरजवळ भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने मोगल आणि आदिलशाही ह्यांच्या एकवटलेल्या फौजांशी लढले, शहाजींचे बंधू शरीफजी तेथे कामास आले, शहाजींचे सासरे लखुजी जाधवराव मात्र मोगलांच्या गोटात होते. शहाजी आणि शरीफजी ही नावेच मुळी नगरच्या शाह शरीफ पीराच्या नवसाची. निजामशाही बुडाल्यावर संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीच्या किल्ल्यावर एका निजामशाही बालकाला गादीवर बसवून शहाजींनी तीन-चार वर्षे तिचा कारभार हाकला. हे सारे सत्य आहे, आणि ते शाळेत शिकवले गेले पाहिजे. तथापि वादातले उत्तर म्हणून ते अपुरे आहे. कारण त्याने खेळाचे नियम बदलत नाहीत. एक जण वाईट मुसलमान राजाचे नाव घेतो, दुसरा चांगल्या मुसलमान सेनापतीचे. दोघांच्याही पटावर राजे, वजीर आणि घोडेच आहेत. प्यादी कोणाच्या शेतातून गेली हे दोघेही विचारीत नाहीत. मलिक अंबर भातवडीचा तलाव फोडून शत्रूची छावणी चिखलात रुतवणारा सेनापती म्हणून जेवढा सांगितला जातो, त्याच्या दशांशानेही जमिनीची प्रतवारी करून सारा बांधून देणारा वजीर म्हणून सांगितला जात नाही. खेड्यांनी मात्र त्याला ह्याच गोष्टीसाठी लक्षात ठेवले. १६२६ साली तो वारल्यावरही त्याची जमाबंदी दख्खनच्या दप्तरांत मापाला घेतली जात होती. मलिक अंबरी सारा कमी होता की जास्त, ह्याचा वाद करण्यात रयतेला रस होता, त्याच्या धर्मात नव्हता.

तेव्हा पंचवीस वर्षांच्या मोगल-मराठा युद्धाकडेही जमाखर्चाच्या बाजूने पाहावयास हवे. मोगलांचा एक कारकुनी पेशाचा नोकर, बऱ्हाणपूरचा भीमसेन सक्सेना, ह्याने त्या काळाच्या आठवणी फारसीत लिहून ठेवल्या आहेत. मुलूख उजाड होत चालला आहे, कुणबी शेती टाकून घोडी आणि हत्यारे जमवू लागले आहेत व मराठ्यांना मिळत आहेत, असे हा हिंदू मोगल नोकर आपल्याच सरकारविषयी लिहितो. ह्या वर्णनात युद्धाचे अर्थशास्त्र आले. बादशाही अंमलदार सारा घेणार, मराठ्यांचे कमाविसदार चौथाई घेणार, आणि दोन्ही फौजांची जनावरे उभे पीक चरणार. ह्या तिहेरी वसुलीत शेती करण्यापेक्षा शिपाईगिरी करणे कुणब्याला परवडू लागले. स्वातंत्र्ययुद्धाच्या ज्या लोकव्यापी स्वरूपाचा अभिमान बाळगला जातो तो योग्यच आहे. पण त्या स्वरूपाच्या मुळाशी सारावसुलीचा हा छळ होता, एवढे ध्यानी घेतले तर आजच्या शेतकऱ्याच्या पोराला त्या इतिहासातून निराळा शत्रू दिसू लागेल. म्हणूनच ती बाजू त्याला दाखवली जात नाही.

जामखेड तालुक्यातील खर्ड्याचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. ११ मार्च १७९५ रोजी तेथे पेशवे, शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले एका निशाणाखाली हैदराबादच्या निजामाशी लढले. अशी एकी पुन्हा झाली नाही. लढाईचे कारण धर्म नव्हते. चौथाईच्या थकबाकीचा हिशेब होता. दोन्ही फौजांत फ्रेंच कवायतीची पलटणे होती. निजामाने ज्या खर्ड्याच्या किल्ल्यात आश्रय घेतला तो निंबाळकरांचा, म्हणजे निजामाच्याच एका मराठा सरदाराचा होता. तहात निजामाने मुलूख आणि तीन कोटी रुपये कबूल केले. त्याच वर्षी सवाई माधवराव वारले, पेशवाईच्या वारशाची भांडणे सुरू झाली, आणि जिंकलेले बहुतेक सारे वर्षाच्या आत परत गेले. उरला तो विजयाचा अभिमान. आठ वर्षांनी, १८०३ च्या ऑगस्टमध्ये, वेलस्लीने नगरचा किल्ला चार दिवसांत घेतला.

ह्या खर्ड्यात २०२१ साली ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज उभारला गेला. त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु ह्याच खर्ड्यात २०१४ च्या एप्रिलमध्ये एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा, वरच्या जातीतील मुलीशी बोलल्याच्या संशयावरून, खून झाला होता. खटला चालला, साक्षीदारांमागून साक्षीदार उलटले, आणि २०१७ साली सर्व आरोपी निर्दोष सुटले. उलटलेल्या साक्षीदाराला मराठीत ‘फितूर’ म्हणतात. हा शब्द किल्ल्याच्या इतिहासातला आहे. किल्लेदार फितूर झाला की गावोगावचे पोवाडे त्याला पिढ्यानपिढ्या झोडपतात. आपल्याच गावच्या पोराच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले तेव्हा तसे काही घडले नाही. ध्वज किती उंच असावा ह्याचा विचार झाला. न्यायालयात खरे बोलण्यासाठी भूमिहीन माणसाला गावात कोणाच्या बांधावर उभे राहता येईल, ह्याचा झाला नाही.

खर्ड्याच्या लढाईचा खरा वारसा ध्वजात नाही. तो पाण्यात आहे. मराठे, निजाम आणि मागाहून इंग्रज ह्यांच्या लढायांतून व तहांतून जी हद्द ठरत गेली, तिच्या अलीकडे मुंबई इलाख्याचा नगर जिल्हा आला आणि पलीकडे निजामाचे संस्थान. इंग्रजांनी दुष्काळांच्या धक्क्यानंतर आपल्या बाजूला गोदावरीचे कालवे काढले आणि अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण बांधले. ते १९२६ साली पुरे झाले. खालच्या बाजूला पैठणजवळचे जायकवाडी पुरे व्हायला १९७६ साल उजाडले. मधल्या पन्नास वर्षांत वर ऊस रुजला, कारखाने उठले, पुढारी घडले. आज नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा जो पाण्याचा तंटा आहे तो ह्या पन्नास वर्षांच्या अंतराचा तंटा आहे. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. त्यानुसार २०२३ च्या पावसाळ्यानंतर वरच्या धरणांतून सुमारे ८.६ टीएमसी पाणी खाली सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा दोन्ही बाजूंची भाषा लढाईची झाली. वरच्यांनी हक्काचे पाणी पळवले म्हणावयाचे, खालच्यांनी हक्काचे पाणी अडवले म्हणावयाचे. ह्या हक्काच्या पाण्यातले किती उसाला जाते आणि बांधाशेजारच्या कोरडवाहू ज्वारीला किती, हा प्रश्न हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखाच गैरसोयीचा असल्याने तो विचारला जात नाही. हद्द राखण्याचा हा एक उपयोग.

लष्करी वारशाचेही तसेच. १८०३ नंतर भिंगारला इंग्रजांची छावणी पडली. स्वतंत्र भारतात नगर हे रणगाडा दलाचे केंद्र झाले. तोफांच्या सरावाच्या के. के. रेंजमुळे नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांतील गावे वर्षानुवर्षे भूसंपादनाच्या भीतीखाली राहिली. देशाचे संरक्षण कोणाला नको आहे? पण मुळा धरणासाठी एकदा उठलेल्या माणसाला दुसऱ्यांदा उठण्याची धास्ती का असावी, ह्याला देशभक्तीच्या घोषणेत उत्तर नाही.

ज्या युद्धाने ह्या जिल्ह्यातील सामान्य माणसाचे आयुष्य सर्वांत खोल उलथून टाकले ते तर येथे लढलेच गेले नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबई बंदरात कापसाचे भाव भडकले. पारनेर-श्रीगोंद्याच्या माळावर पिकणारे धान्य कापूस नव्हे, हे खरे. परंतु पैसा सर्वत्र सैल झाला आणि सावकाराने हात सैल सोडला. १८६५ साली युद्ध संपले. भाव कोसळले, सावकाराची मूठ मिटली. नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत भरून सरकारने फेरआकारणी केली आणि कित्येक गावांचा सारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी चढवला. भरीस भर म्हणून १८५९ चा मुदतीचा कायदा होता. कर्जाचे खत तीन वर्षांपुरतेच कोर्टात चालेल, असा हा कायदा कुळाच्या रक्षणासाठी केलेला. सावकाराने दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवे खत लिहून घ्यावयास सुरुवात केली. रक्षणाच्या कायद्याने चक्रवाढ कायदेशीर झाली. निरक्षर कुळ अंगठा उठवीत राहिले.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात भडका उडाला आणि तो पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत ह्या तालुक्यांत पसरला. दंगेखोरांनी काय मागितले? सोने नव्हे, धान्य नव्हे, सावकाराचा जीवही नव्हे. त्यांनी खते मागितली. दिली तर माणसाला हात लागला नाही. न दिली तर घर जाळले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसे पकडली गेली. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा दिलासा कायदा आला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे थांबले आणि खताच्या मागचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. ही क्रांती नव्हती. ती निर्दोषही नव्हती. दंगा झाला तो बहुतांशी मारवाडी आणि गुजर सावकारांवर. गावच्या ब्राह्मण-मराठा सावकाराला लोकांनी सहसा हात लावला नाही, आणि सारा चढवणारे सरकार तर पार निसटले. ‘बाहेरचा’ सापडला की ‘वरचा’ सुटतो, ही खोड एवढी जुनी आहे. परंतु त्या शेतकऱ्यांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती : आपले दैन्य कागदावर लिहिलेले आहे. आजचा त्यांचा पणतू कागदाऐवजी दुकान हुडकतो.

पेडगाव ज्या श्रीगोंदे तालुक्यात आहे त्याच तालुक्याने १८७५ चा दंगाही पाहिला. पहिल्याच्या स्मृतीला गर्दी जमते आणि जमलीच पाहिजे. दुसऱ्याच्या नावाने मिरवणूक निघत नाही, कारण त्या मिरवणुकीच्या अग्रभागी बसायला जिल्ह्यातील एकही कारखानदार राजी होणार नाही. अकोले तालुक्यातील देवगावच्या राघोजी भांगऱ्याने सावकार आणि सरकार ह्यांच्याविरुद्ध बंड केले व १८४८ साली ठाण्यास फाशी गेला. आदिवासींनी त्याचे नाव जपले, म्हणून ते उरले आहे. सहकाराची चळवळ ही १८७५ ची खरी वारस होती. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना चालू केला, तेव्हा खताचा जुलूम सभासदाच्या पासबुकाने संपेल, अशी आशा होती. ती काही काळ खरीही ठरली. पुढे कारखाने घराण्यांचे झाले. तो इतिहास सर्वांना पाठ आहे.

हिशेब मोडला की जुनी लढाई कामाला येते, हे केवळ येथलेच नाही. १९८९ साली युगोस्लाव्हिया परकीय कर्जात बुडाला होता आणि त्या वर्षी तेथील चलनवाढीने हजार टक्क्यांची मर्यादा ओलांडली. त्याच वर्षी २८ जूनला कोसोव्होच्या मैदानावर स्लोबोदान मिलोसेविच ह्यांनी सर्बांचा प्रचंड मेळावा घेतला. निमित्त होते १३८९ साली तुर्कांशी झालेल्या लढाईला सहाशे वर्षे झाल्याचे. पगार का पुरत नाही, ह्या प्रश्नाला मध्ययुगातले उत्तर मिळाले. पुढच्या दहा वर्षांत तो देश उरला नाही.

नगरला २०२३ च्या जूनमध्ये औरंगजेबाच्या चित्राने वातावरण तापले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण. त्यावरच्या ठेवीदाराने अवसायकाकडे पाहत बसावयाचे. त्या ठेवीदारांत हिंदू होते, जैन होते, मुसलमान होते. ह्या दोहोंपैकी कोणत्या घटनेवर जिल्ह्यातील व्यासपीठे अधिक गाजली, हे कोणाही नगरकराला विचारावे.

नामांतर ह्याच साखळीतले. ३१ मे २०२३ रोजी चौंडीला अहिल्यादेवींच्या जयंतीला घोषणा झाली, २०२४ साली ती अमलात आली. अहिल्यादेवी नगर जिल्ह्याच्या लेक, आणि त्यांचे मोठेपण लढायांत नसून खजिना आणि न्याय ह्यांच्या चोख व्यवस्थेत होते. नावाला त्या सर्वथा पात्र आहेत. (नगरकर पूर्वीही जिल्ह्याला नुसते ‘नगर’ म्हणत असे, आताही म्हणतो, नामांतराचे निम्मे श्रम त्याने असे वाचवले.) परंतु अनुसूचित जमातींच्या सवलती मिळाव्यात ही धनगर समाजाची मागणी होती तेथेच राहिली, आणि गावोगावची गायराने आटत असताना मेंढ्या चारावयाच्या कोठे, हा मेंढपाळाचा प्रश्नही राहिला. नाव देण्यास खर्च पाट्यांचा येतो. गायरान देण्यास ते बळकावणाऱ्याशी भांडावे लागते.

हे प्रश्न विचारण्याची जागा जिल्हा परिषद. नगर जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मढीचा ठराव झाला तेव्हा ह्या गोष्टीला जवळजवळ तीन वर्षे होत आली होती, निवडणूक झालेली नव्हती. पाझर तलाव, गायरान, शाळांच्या खोल्या, दवाखान्यातील रिकाम्या जागा ह्यांविषयी ज्याला जाब विचारावा असा निवडून दिलेला सदस्य जिल्ह्यात कोठेही नव्हता. ग्रामसभा तेवढी भरत होती, आणि मढीच्या ग्रामसभेपुढे विषय आला तो यात्रेतील दुकानांचा.